सात खोल्या, तीन नावं

घरमालक म्हणजे कोण, तर ज्याच्या दारात लोक सकाळी तोंडाला साबण लावून उभे राहतात आणि म्हणतात, "तात्या, पाणी गेलं." एवढंच. लोकांना वाटतं खुर्ची टाकून बसायचं आणि एक तारखेला हात पुढं करायचा. तसला मालक मी अजून बघितलेला नाही. असला कुठं तर मला सांगा, मी त्याच्याकडं शिकायला जाईन.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर येतील त्या दिवशी. गाव म्हसवडच्या अलीकडं, माण तालुक्यातलं. साताऱ्यात येऊन जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधली आणि रविवार-रविवार करून स्वतःच्या सात खोल्या बांधल्या. दोन गुंठे जागा. एका अंगाला चार, समोर तीन, मधे फरशी, आणि कोपऱ्यात आमचं राहतं घर. माझी बायको हौसा पावणेदोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर यंदा या खोल्या विकायला निघाल्या होत्या. मीच हो म्हणालो होतो. त्या राहिल्या कशा, ते सांगायला बसलोय. पण आधी हा धंदा काय असतो ते थोडं सांगावं लागेल.

पैसा कसा उभा केला, असं सगळे विचारतात. बँकेत गेलो होतो. साहेब म्हणाले, पगाराची स्लिप आणा. गवंड्याला कसली स्लिप? मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि घट्टे दाखवले. साहेब म्हणाले, हे चालत नाही. मग पतसंस्था. तिथं दोन जामीनदार लागतात. तू माझा हो, मी तुझा होतो, अशी ती साखळी. त्या साखळीत मी सगळ्यात कच्चा. कुणी चहा पाजून "तात्या, एवढी एक सही" म्हणालं की माझा हात उठायचाच. एका सेंट्रिंगवाल्या मित्रानं हप्ते बुडवले आणि नोटीस माझ्या घरी आली. हौसाला वाचता येत नव्हतं, पण पोस्टमनचं तोंड बघून तिला कळलं.

"जागा घ्यायची ती माज्या नावावर घ्या," ती म्हणाली. "तुमच्या सहीचा मला भरवसा न्हाई."

गावाकडची जमीन विकून ही जागा घेतली ती तिच्याच नावावर. मित्र मला बायकोचा बैल म्हणाले. पुढं दुसऱ्या एका जामिनकीत वसुलीवाले घरी आले, तेव्हा त्यांना माझ्या नावावर एक सायकल सापडली. तिचीही चेन तुटलेली. बैल म्हणणाऱ्या दोघांची घरं लिलावाला निघाली. माझं घर वाचलं, कारण माझं घरच नव्हतं.

पहिल्या दोन खोल्या तिचं सोनं तारण ठेवून झाल्या. पुढच्या खोल्या डिपॉझिटवर. म्हणजे भाडेकरूनं जे डिपॉझिट दिलं, त्यातून पुढच्या खोलीचं लोखंड आणि सिमेंट. डिपॉझिट आपला पैसा नसतो, तो परत द्यायचा असतो, ही गोष्ट मला तिसऱ्या खोलीच्या वेळी कळली. एक कंपाउंडर चार महिन्यांत बदली होऊन निघाला.

"तात्या, माझं डिपॉझिट?"

मी वर बोट दाखवलं. "त्ये काय. स्लॅबात हाय."

तो वर बघत राहिला. मग हसला, माझं नशीब. बायको-पोरांना पुढं पाठवलं आणि त्याचा भाऊ त्या खोलीत वर्षभर बिनभाड्याचा राहिला. तेव्हापासून हौसानं नियम केला, डिपॉझिट तिच्या हातात.

भाडेकरू निवडायचं कामही तिचंच. आता लोक आधारकार्ड बघतात, पोलीस ठाण्यात फॉर्म भरतात, अकरा महिन्यांचा करारनामा करतात. ते आम्हीही करतो, करायलाच पाहिजे. पण हौसाची परीक्षा वेगळी होती. खोली मागायला कोण आलं की ती पगार विचारायची नाही, जात तर नाहीच. म्हणायची, "आता कुठं ऱ्हाताय? बरं, बघू." आणि दोन दिवसांनी दुपारी, न सांगता, त्यांच्या चालू खोलीवर जाऊन उभी राहायची. चहा घ्यायची आणि हात धुवायच्या निमित्तानं मोरीत जायची. मोरी म्हणजे घरातली धुण्या-भांड्याची, अंघोळीची जागा. ती बघून आली की निकाल. "द्या खोली" नाहीतर "जागा भरली म्हणावं."

"बैठकीची खोली पाव्हण्यासाठी झाडत्यात," ती म्हणायची. "मोरी कोण सवताच्या मनानं धुतं, त्ये बघायचं."

गवंडी म्हणून सांगतो, बाई चुकीची नव्हती. मोरीत भात-भाजीचं खरकटं सोडणारा माणूस पुढं माझं चेंबर तुंबवणार, आणि ते मलाच वाकून काढायचं.

फक्त एकदा तिची परीक्षा गंडली. एक सडपातळ, गोड बोलणारा तरुण आला. एकटाच. मोरी म्हणे आरशासारखी. पाच नंबरची खोली दिली. आठवड्यानं समोरची बाई दही मागायला गेली आणि दारातूनच ओरडत आली. तो सर्पमित्र होता. दिवसभर लोकांच्या घरातले साप धरायचा, आणि रानात सोडायला दुसऱ्या दिवशी जायचा. रात्रीपुरती नागोबांची वस्ती माझ्या खोलीत. उशीच्या अभ्र्यांत, वर सुतळी बांधून.

मी हौसाला म्हणालो, "काय गं, मोरी बघितली हुतीस ना?"

"मोरी सवच्छच हाय की. पिशवीत काय हाय त्ये मोरी कसं सांगंल?"

त्याला घालवायचा तर सहाही खोल्यांतल्या बायका म्हणाल्या, राहू दे, आपल्याकडं साप निघाला तर धरायला माणूस घरात आहे. फक्त अभ्रे बंद, झाकणाचे डबे आणायचे, असं ठरलं. तो सहा वर्षं राहिला. असा पाण्याचा नळ घट्ट बंद करणारा भाडेकरू मला परत मिळाला नाही.

आता एक माझी लाजेची गोष्ट. एका टेम्पो ड्रायव्हरचं भाडं थकलं, चार महिने. त्याचा पाय मोडला होता, हे खरं होतं. मी खोटं धरलं. आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. भाडेकरूला बाहेर काढायचं नाही, त्याचं दार काढायचं. "दुरुस्तीला नेतो" म्हणायचं आणि परत आणायचंच नाही. बिनदाराच्या घरात माणूस किती दिवस राहील? मी बिजागऱ्या खोलल्या, दार खांद्यावर घेतलं आणि मागं नेऊन टेकवलं. पौष महिना होता.

संध्याकाळी घरी आलो तर आमच्या घराला दार नाही. हौसा उंबऱ्यावर शाल घेऊन बसलेली. समोरच्या पोरांकडून तिनं ते उतरवून घेतलं होतं.

"दार कुठाय?"

"दुरुस्तीला दिलंय," ती म्हणाली. "दोन्ही संगटच येतील."

मी तासभर हट्ट केला. मग थंडी वाजायला लागली. दोन्ही दारं बसवली, आधी त्याचं. त्या ड्रायव्हरनं पुढं सगळं भाडं फेडलं, पण माझ्याशी तो परत मोकळेपणी बोलला नाही. ते बरोबरच आहे.

तर अशी बाई. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेली. यावर मला लिहिता येत नाही. घरात दोन माणसांचा चहा करून एक कप ओतून द्यायचो, चार-पाच महिने, एवढं सांगतो आणि पुढं जातो.

ती गेल्यावर खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. त्यात विशेष काही नाही. भाडेकरू म्हणजे एस.टी.तले प्रवासी, स्टॉप आला की उतरणार. कुणाची बदली झाली, कुणी फ्लॅट घेतला. पण पूर्वी एक उतरला की दुसरा चढायचा. आता मी चढूच देईना. गेटवर कुणी विचारलं, "खोली मिळंल का?" की मी म्हणायचो, "न्हाई." त्यांना समोर कुलपं दिसायची. मला काय करायचं होतं? मोरी बघायला कोण जाणार? सातांतल्या चार खोल्या बंद पडल्या.

बंद खोली राहत्या खोलीपेक्षा लवकर खराब होते. मोरीच्या जाळीखाली पाण्याचा एक वाकडा खड्डा असतो, त्यात पाणी उभं असतं म्हणून गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. महिनाभर नळ सोडला नाही की ते पाणी सुकतं. मग सगळं वर येतं. एक तांब्या पाणी, आठवड्याला, एवढंच काम. जन्मभर लोकांना हे शिकवलं आणि स्वतःच्या चार खोल्यांत चार तांबे ओतले नाहीत.

मग मी टाकी बघायला शिडीवर चढलो आणि दुसऱ्या पायरीवरून पडलो. मोडलं काही नाही, पण मुलगा महेश पुण्याहून धावत आला. तो कंपनीत आहे, चांगला आहे, बापावर माया आहे. त्यानं कुलपं बघितली, वास घेतला, माझा सुजलेला गुडघा बघितला.

"तात्या, बास झालं. एका अंगाच्या दोन्ही प्लॉटवाल्यांनी एका बिल्डरला जागा दिलीय. त्याला आपलीबी पायजे. तुमी पुण्याला चला."

"घे कुठं सही करायची ती," मी म्हणालो. खरं सांगतो, मला हायसं वाटलं. कुणीतरी सगळं उचलून न्यावं, असंच मला वाटत होतं.

बिल्डरच्या माणसाबरोबर मिळकतीच्या नोंदीच्या कचेरीत गेलो. कारकुनानं कार्ड काढलं.

"हौसाबाई. त्या वारल्या ना? वारस किती?"

"मी मालक हाय."

"आजोबा, तुम्ही वारस आहात. तुम्ही, मुलगा आणि मुलगी. तिघं सारखे. तुमचा तिसरा हिस्सा."

वाळू मी चाळली, विटा मी भिजवल्या, आणि मी तिसरा. बिल्डरचा माणूस म्हणाला, "काही नाही हो, मुलीचं हक्कसोड करून घ्या."

बाहेरच्यांसाठी सांगतो. लेकीनं आपला वाटा भावाला सोडून दिल्याचा कागद म्हणजे हक्कसोडपत्र. आमच्याकडं हे रिवाजासारखं चालत आलंय. लेकीला बोलवायचं, पुरणाचं जेवण घालायचं, साडी नेसवायची आणि कचेरीत न्यायची. तिनं सही केली नाही तर माहेर तुटतं. असं कुणी तोंडानं बोलत नाही. बोलायची गरज पडत नाही.

माझी मुलगी सुरेखा तासगावच्या बाजूला दिलेली. द्राक्षाची बाग आहे, घर चांगलं. ती आली. जेवली. महेशनं आणलेली साडी उलगडून बघितली, काठ बघितला, म्हणाली, "रंग झ्याक हाय." आणि परत घडी घालून त्याच्याच मांडीवर ठेवली.

"मी सही करनार न्हाई."

महेश हसला. "ताई, चेष्टा नको. साडेअकराची वेळ घेतलीय."

"मग जा की. तुजी तू कर."

"तिघांच्या लागतात."

"म्हणून तर सांगते."

मी भडकलो. "तुला काय कमी हाय गं? बाग हाय, नवरा सुपारीबी खात न्हाई."

"कमी न्हाई म्हणून सोडायचं व्हय? तुमचं बरं हाय तात्या. उपाशी लेकीनं मागितलं तर म्हणायचं हावरी, आणि पोटभर असली तर म्हणायचं तुला कशाला."

"तुला पैसे पायजेत का?" महेश म्हणाला. "तसं बोल. वाटा देतो तुझा."

"पैसं नगंत. आईच्या नावाखाली माजं नाव लागलं पायजे. तुमी आईचं नाव काढून बिल्डरचं लावाय निघालाय. मदी माजं कवा लागनार?"

महेशनं मांडीवरची साडी खाटेवर टाकली. मग ती माझ्याकडं वळली, आवाज खाली आणून.

"अक्काआत्तीचा अंगठा घेतला तवा मी सहा वर्साची हुते. ती साडी तिनं आजून नेसली न्हाई, तात्या. मला ठावं हाय."

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. गावाकडची जमीन आमच्या बापाची, कोरडवाहू, दोघांची. मी तिला जेवायला बोलावलं, साडी दिली आणि अंगठा घेतला. ती जमीन विकून आलेल्या पैशांत ही दोन गुंठे जागा घेतली. म्हणजे माझ्या सात खोल्यांच्या पायाखाली बहिणीची अर्धी जमीन आहे. हे मी कुणाला सांगत नव्हतो. वर आधी लिहिलंय बघा, "गावाकडची जमीन विकून". कुणाची ते तिथंही सांगितलं नाही. सवय.

महेश रागानं निघून गेला. दोन दिवसांनी फोन आला. बिल्डर महिनाभर थांबणार होता. वकील म्हणत होता, बापलेकांनी मिळून सुरेखावर वाटपाचा दावा लावला तर मार्ग निघेल. कागद तयार होतो, मी फक्त सही करायची.

सुरेखा अजून परत गेली नव्हती, शेजारीच भाजी निवडत होती. तिला सगळं ऐकू गेलं.

"लावा दावा," ती म्हणाली. "तवर मी हितंच ऱ्हाते. माजा तिसरा हिस्सा हाय ना? चार नंबरची खोली माजी."

आणि खरंच तिनं चार नंबरचं कुलूप काढलं. आतला वास फरशीभर पसरला. तिनं पदर नाकाला बांधला, घागरभर पाणी मोरीत ओतलं आणि खिडक्या उघडल्या. मग पाच, सहा, सात. मी खुर्चीत बसून बघत होतो. एका खोलीच्या भिंतीला ओल आली होती. ती मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "ह्या गवंड्याला काय कळत न्हाई. कसलं पलिस्तर क्येलंय!"

"पलिस्तर नीट हाय," मी म्हणालो. "वरच्या पन्हाळीत पाला अडकलाय."

"मग काढा की."

काढला. शिडी तिनं धरली.

चौथ्या दिवशी गेटवर एक जोडपं आलं. तो औद्योगिक वसाहतीत फिटर, ती कापडाच्या दुकानात. "खोली मिळंल का?"

"न्हाई," मी म्हणालो.

"हाय की," आतून सुरेखा. "पत्ता द्या तुमचा. आमचे तात्या यिऊन जातील."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं माझ्या हातात छत्री दिली. मी म्हणालो, तू चल. ती म्हणाली, "मी न्हाई. माजा तिसराच हिस्सा." मग एकटाच गेलो. त्यांची खोली एका गॅरेजच्या मागं. चहा झाला. हात धुवायला म्हणून मोरीत गेलो. मोरी तशी घाणच होती, खोटं कशाला बोलू. कोपऱ्यात शेवाळ. हौसानं "जागा भरली" म्हणून सांगितलं असतं. पण नळ बघितला. त्याचा वॉशर गेला होता, आणि कुणीतरी सुताचा दोरा काय सुबक गुंडाळून त्याला बसवला होता. टिपूस गळत नव्हतं.

"ह्ये कुणी केलं?"

"मीच की," तो पोरगा म्हणाला. "मालक येत न्हाईत दुरुस्तीला. पाणी वाया जातंय, मग काय करायचं?"

दुसऱ्याच्या नळाला स्वतःचा दोरा लावणारा माणूस. मी तिथंच सांगितलं, एक तारखेला या. शेवाळाचं पुढं बघू. रस्त्यात लक्षात आलं, की मी हौसाला विचारल्याशिवाय खोली दिली, आणि दिलेली बरोबर आहे. सीटवर भाडं घेणारी वडाप रिक्षा समोर होती, ती सोडून चालत घरी आलो. गुडघा दुखला नाही असं नाही.

त्या दिवशी महेशला मीच फोन लावला.

"मी दाव्यावर सही करनार न्हाई. आणि खोल्याबी इकायच्या न्हाईत."

"तात्या, तुमीच हो म्हणाला होता."

"म्हणालो हुतो. तवा मला सगळंच संपवायचं हुतं. आता न्हाई."

पलीकडं दार लागल्याचा आवाज आला. मला वाटलं, हाही गेला हातातला. जामीन राहिलेल्या माणसांपायी इतकी भांडणं बघितली, पण अशी भीती वाटली नव्हती. मग तो म्हणाला, "ताईवर दावा लावायचा म्हणून माझीबी झोप उडालीय. पण तुमी शिडीवर चढायचं न्हाई. त्ये तरी कबूल करा."

"कबूल."

"तसं न्हाई. मी येतो शनिवारी."

आला, आणि टाकीला एक यंत्र बसवून गेला. टाकी भरली की एक बाई हिंदीत ओरडते, टंकी भर गई है, कृपया मोटर बंद करें. मी सगळ्या भाडेकरूंच्या आधी उठून तिचं ऐकतो. शेजारच्या खोलीतली पोरं तिची नक्कल करतात. बिल्डरनं शेजारच्या दोन प्लॉटवरच नकाशा वळवला. आमच्या भिंतीला लागून खड्डा खणलाय, तेवढा त्रास आहे. पाया बरा घालतायत, मी रोज बघतो आणि न विचारता सांगतो.

वारसनोंदीच्या दिवशी तिघं कचेरीत गेलो. सुरेखा साडी तीच नेसून आलेली, महेशनं आणलेली. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं. कारकुनानं विचारलं, कुणाची हरकत? तिघांनी नाही म्हणून मान हलवली. नव्या कार्डावर हौसाचं नाव कंसात आणि खाली आम्ही तिघं. मला वाटलं होतं, पूर्ण मालकी गेली म्हणून वाईट वाटेल. उलट पन्नास किलोचं पोतं जिन्यावरून उतरवून ठेवल्यावर जसं खांद्याला हलकं वाटतं, तसं झालं. आता गळतीची चिंता तिघांत वाटलेली. सुरेखाचा हिस्सा दर महिन्याला पाठवावा लागतो. एक दिवस उशीर झाला की तिचा फोन येतो. हा स्वभाव तिच्या आईचा नाही, माझा आहे.

कचेरीतून बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "आता म्हसवडची गाडी धरा."

मी धरली. दोन महिने टाळून, पण धरली.

अक्का ऐंशीच्या पुढं आहे. ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. मी सूप पुढं ओढलं आणि मीही फोडायला लागलो. अर्धं सूप झाल्यावर म्हणालो, "अक्का, तुजा अंगठा घेतला हुता मी."

"कंचा?"

"जमिनीच्या कागदावर."

"त्यो व्हय. डावा." तिनं डावा अंगठा वर करून बघितला. "मग?"

"चूक झाली माजी."

"आता सांगतुयास?" ती म्हणाली. "अकरा वर्सं मी तुजं नाव घेतलं न्हाई. तुज्या ध्यानातबी आलं नसंल. मग कटाळा आला. रागालाबी बळ लागतं रं." परत शेंगा. "त्या खोल्या इकनार हुतास म्हणं. सुरेखाचा फोन आलता."

"न्हाई इकल्या."

"इकून बघायचं हुतंस. यिऊन पायरीवर बसले असते. तीस वर्सं ह्या गावाला सांगत आले, साताऱ्यात माज्या खोल्या हायत म्हणून. इकल्यावर काय सांगितलं असतं?"

मी आणखी एक शेंग फोडली. तेवढ्यात शेजारची म्हातारी पाणी घेऊन आत आली. तिनं घागर उतरवली आणि मला निरखून बघितलं.

"अक्का, ह्योच का तुज्या खोल्या बघतो त्यो भाऊ?"

अक्काचे हात थांबले. शेंग हातात तशीच. माझ्याकडं बघेना.

"व्हय," मी म्हणालो. "मीच त्यो."

"बरं झालं भेटला. नातू साताऱ्याला भरतीच्या अकॅडमीत घालायचाय. हाय का वो एखादी खोली रिकामी?"

"मला काय इचारताय," मी म्हणालो. "मालकीण बसलीय की समोर."

अक्कानं शेंग सुपात टाकली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या बाईकडं वळून विचारलं, "एकटाच ऱ्हानार, का संगं मित्र आणनार?"